मागच्या सीटवरचं मौन

आमच्या झरीच्या पाड्यात बायकांमध्ये गाडीचं लायसन असलेली मी एकटीच. यात मोठेपणा काही नाही. दर पौर्णिमेला महालक्ष्मीच्या दर्शनाला जायचं माझं व्रत, आणि एसटी काही माझ्या व्रताने चालत नाही, म्हणून स्कूटर शिकले. तेव्हा आमचे मालकच म्हणाले, "देवी एक वेळ सांभाळून घेईल, नाक्यावरचा हवालदार नाही घेणार. लायसन काढ." काढलं. तेव्हापासून पाड्यातल्या लोकांना वाटतं, की आरटीओचा सगळा कायदा माझ्या देवघरात पितळेच्या डब्यात ठेवलेला आहे. आरती चाललेली असते, दारात माणूस उभा असतो, आणि प्रसाद तोंडात टाकता टाकता विचारतो, "काकी, दमणच्या नंबरची गाडी इकडे किती चालवता येते?" दुसऱ्याचं विचारणं, "हेल्मेट हँडलला अडकवलं तर दंड अर्धा लागतो ना?" मोबाईलमधले कागद चालतात म्हणून बातमी आली त्या वर्षी तर एकाने विमा संपलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवला आणि मला म्हणाला, "फोटो तर नवा आहे."

जमेल तेवढं सांगते. नंबर प्लेटवर लिंबू-मिरची बांधणाऱ्याला सांगते, देवाला गाडी ओळखायला नंबर लागत नाही, पोलिसाला लागतो, तर जरा खाली बांध. कोणाला वाईट लागेल असं बोलायचं नाही, हाही एक नेम आहे माझा.

आणि गुरुवारी तर बोलायचंच नाही. सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. बाकीची व्रतं पोटाची असतात, ती सोपी. हे जिभेचं. घरात बसलं की ते मोडायला सगळं जग टपलेलं असतं. शेजारची जमना मुद्दाम ओट्यावर येऊन बसायची आणि गावातली एखादी गोष्ट चुकीची सांगायची. चुकीची, म्हणजे मी न राहवून "अगं तसं नव्हतं" म्हणेन. दोनदा अगदी ओठावर आलं होतं.

त्यामुळे संगीता लर्निंग लायसन घेऊन आली, तेव्हा मी तिला गुरुवारच दिला. संगीता म्हणजे आमच्या पुतण्याची, नविनची बायको. शिवणकाम करते, तलासरीच्या दुकानात ब्लाउज पोचवते. नविनने मोटरसायकल घेतल्यापासून त्याची जुनी स्कूटर पडवीत उभी होती आणि संगीताच्या डोळ्यांत ते खुपत होतं. आता लर्निंगवाल्याने एकट्याने गाडी चालवायची नसते. पुढे-मागे तांबड्या अक्षरात 'एल' लावायचा आणि सोबत पक्क्या लायसनचं माणूस बसवायचं. नविनला सोबत बस म्हटलं, तर तो म्हणाला, "बायकोच्या मागे बसू? पाड्यातून?" मग उरले मी.

मलाही बरं झालं. रस्त्यावर हेल्मेट घालून बसलं की कोणी बोलायला येत नाही. मौन पाळायला स्कूटरच्या मागच्या सीटसारखी जागा नाही.

पण शिकवायचं कसं? तोंड बंद, हात मोकळे. उजव्या खांद्यावर थाप मारली की उजवीकडे, डाव्यावर मारली की डावीकडे. पाठीच्या मधोमध तळवा पडला की ब्रेक. आणि वेग वाढला की वेणी ओढायची. पहिल्या गुरुवारी संगीताची मान दुखली. पण पोरगी हुशार. पावसाळा सरेपर्यंत अशी तयार झाली, की माझी थाप पडायच्या आत गाडी वळायला लागायची. निदान मला तरी तसं वाटायचं.

तलासरीच्या नाक्यावर एकदा हवालदाराने अडवलं.

"मागे कोण?"

"काकी. लायसन त्यांचं आहे."

मी पिशवीतून लायसन काढून दिलं आणि हात जोडले.

"काय मावशी, काय शिकवता हिला?"

मी पुन्हा हात जोडले.

"बोलता येत नाही का यांना?"

"येतं की. रोज येतं. गुरुवारी नाही," संगीता म्हणाली.

"मग शिकवतात कशा?"

"मारून."

हवालदाराने लायसन पाहिलं, मला पाहिलं, माझ्या हेल्मेटच्या आत उतरलेलं कुंकू पाहिलं. लायसन परत देत म्हणाला, "आमच्या सासूबाईंना सांगा ना हे व्रत. गुरुवारचं नको, सात दिवसांचं."

असं सगळं बरं चाललं होतं. मध्येच नविनने माती कालवली. आमच्याकडे पूजेला सगळे जमले होते, प्रसादाच्या द्रोणावरून गाडीचा विषय निघाला. संजाणच्या मुकेशला ती स्कूटर हवी होती, नविनने त्याला जवळजवळ हो म्हटलं होतं. संगीता म्हणाली, "मी चालवते ना ती."

"चालवतेस? पाठीत धपाटे खात जातेस. त्याला चालवणं म्हणत नाहीत." लोक हसले, तसा नविन आणखी फुलला. "ऐका सगळे. डहाणूच्या कॅम्पला ही पक्क्या लायसनला पास झाली, तर गाडी हिची. मी परत तिला हात लावणार नाही. नापास झाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुकेश गाडी घेऊन जाणार. मग रडायचं नाही."

"पूजेत बोललात," संगीता म्हणाली.

"पूजेतच बोललो."

आरटीओचा कॅम्प कधी, ते जमनाच्या मुलाने मोबाईलवर पाहिलं. गुरुवार.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका गुरुवारी बोललं तर देव काही रागावणार नाही, असं मला बरेच जण समजावून गेले. देव रागावणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण एकदा सूट घेतली की जमना मला पुढच्या गुरुवारी ओट्यावर गाठणार, हेही ठाऊक आहे.

कॅम्पच्या दिवशी संगीता आणि मी स्कूटरवर निघालो, जमना एसटीने आली. तिला काही काम नव्हतं. "काकींचं बोलणं साहेबांना कोण सांगणार?" म्हणून आली.

मैदानावर चुन्याने मोठा आठाचा आकडा काढलेला. त्यावरून गाडी न्यायची, पाय टेकवायचा नाही, रेघ सोडायची नाही. बाजूला चिंचेखाली टेबल टाकून साहेब बसलेले. तरुण होते, पण तोंडावर दुपारचा कंटाळा सकाळीच आलेला. संगीताचा नंबर आला. कागद पाहिले, गाडी पाहिली, आणि म्हणाले, "हं. मागच्या बाई, उतरा."

मी उतरले. संगीता तशीच बसून.

"चला की."

"साहेब, काकी उतरल्या तर गाडी वळणार कशी?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "का? हँडल त्यांच्याकडे असतं?"

"हँडल हिच्याकडेच असतं साहेब," जमना म्हणाली, "पण कधी फिरवायचं ते काकींकडे असतं."

त्या क्षणाला माझ्या लक्षात आलं, की आपण काय करून ठेवलंय. मी इतके गुरुवार संगीताला गाडी शिकवत नव्हते. मी संगीताच्या पाठीवरून गाडी चालवत होते. तिला वळण डोळ्यांनी कळतच नव्हतं, ते खांद्याला कळत होतं. आणि सांगू कोणाला? तोंड तर बंद.

संगीता निघाली. सरळ गेली. आठ डावीकडे वळला, संगीता नाही वळली. चुन्याची रेघ ओलांडून, बघ्यांच्या मधून, थेट चहाच्या टपरीपर्यंत गेली आणि बाकड्यापाशी दोन्ही पाय टेकवून थांबली. टपरीवाल्याने तिला विचारलं, "कटिंग का फुल?"

ती गाडी ढकलत परत आली. चेहरा एवढासा. "काकी, खांद्यावर काहीच आलं नाही," ती मला हळूच म्हणाली. जणू टपाल आलं नाही.

साहेब लिहिणारच होते. जमनाने मध्ये हात घातला. "साहेब, एकदा परत. आमच्या काकींचं आज मौन आहे, त्यांना सांगता येत नाही, म्हणून मी सांगते. काकी म्हणतात, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो."

मी असलं काही म्हटलं नव्हतं. तरी मी मान हलवली. कोणाला आयुष्य मिळत असेल, तर आपण का आडवं यावं.

"सगळ्यांचं होऊ दे," साहेब म्हणाले. "शेवटी एकदा संधी देतो. एकदाच. आणि एकटीने."

तेवढ्यात नविन आला. मोटरसायकलवरून, केस चापून, कामावर रजा टाकून. बायको नापास होताना बघायला एवढी तयारी. येताना मोबाईलवर बोलत होता, "हो हो मुकेशभाई, उद्या सकाळीच या," आणि हे तो संगीताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. संगीताने त्याच्याकडे पाहिलं नाही. स्कूटरच्या आरशावर बसलेला धुरळा पदराने पुसत राहिली. ती स्कूटर गेली, की ब्लाउजची पिशवी घेऊन परत त्याच्या मर्जीने जायचं, त्याला वेळ असेल तेव्हा, त्याचा मूड असेल तेव्हा. हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं.

मी तिला बाजूला नेलं. काटकीने मातीत आठ काढला, बोट ठेवून दाखवलं, इथे असं, इथे तसं. मग माझ्या डोळ्यांवर बोट ठेवलं आणि आठावर ठेवलं. बघ गं, डोळ्यांनी बघ.

"काकी म्हणतात, डोळ्यांत काजळ घालून ये," जमनाने सांगितलं.

मी जोरात मान हलवली. छातीवर हात ठेवला, श्वास घेऊन दाखवला. शांत हो.

"काकी म्हणतात, आधी चहा पिऊ."

जमनाला चहा हवा होता. आम्ही चहा प्यालो. माझा उपास, मी दूध घेतलं.

एकेक जण होत गेला. एक मुलगा आठावरून असा सहज गेला, की साहेबांनी वर बघितलंसुद्धा नाही. शेवटी साहेबांनी हाक मारली, "त्या खांद्यावाल्या बाई."

संगीता बसली. गाडी चालू केली. आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ब्रेकपण नव्हता, वळणपण नव्हतं. मी काय करणार होते? नविन आठाच्या कडेलाच उभा होता, हात कमरेवर, नीट दिसावं म्हणून पुढे सरकलेला. त्याची पाठ रुंद आहे. शर्टही पांढरा, लांबून दिसणारा.

मी जाऊन त्याला दोन्ही खांद्यांना धरलं आणि उलटा फिरवला. तोंड टपरीकडे, पाठ मैदानाकडे. मी त्याच्या मागे, जशी स्कूटरवर बसते तशी.

"काकी? काय झालं?"

चुलतीला, तेही मौनातल्या, हात झटकून बाजूला करेल असा तो नाही. तेवढं वळण त्याला लहानपणापासून आहे. मी त्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारली.

संगीताला कळलं. ती निघाली. डावीकडे वळली.

अडचण एकच होती. माझंही तोंड टपरीकडेच. संगीता कुठे पोचली ते बघायला मला मान मागे वळवावी लागत होती आणि थाप मात्र पुढे मारावी लागत होती. मी मान वळवून बघेपर्यंत ती आठाच्या कंबरेपाशी आली. मी घाईने पुढे वळून नविनच्या उजव्या खांद्यावर मारली.

"काकी, अहो लागतंय. मी काय केलं?"

मान मागे. गाडी उजवीकडे वळून गेलेली. थाप पडायच्या आधीच. म्हणजे योगायोग असेल. पुन्हा पुढे, पुन्हा उजव्यावरच. मान मागे. गाडी त्या वळणातून बाहेर पडत होती आणि संगीता हसत होती. हेल्मेटच्या आत गाल वर आलेले दिसत होते. रोज बोलणारा नवरा, भरल्या मैदानात टपरीकडे तोंड करून धपाटे खातोय आणि "काकी, काकी" करतोय, हे बघून कोणत्या बाईला हसू येणार नाही? आणि हसताना तिचं माझ्या हाताकडे लक्षच राहिलं नव्हतं. माझा हात गाडीला सांगत नव्हता, गाडी माझ्या हाताला सांगत होती. ती वळली की मी थाप मारत होते.

मी थांबायला हवं होतं. पण हाताला सवय लागली होती, आणि खरं सांगायचं तर नविनच्या पाठीवर चांगला आवाज येत होता. दुसरा फेरा. डावा. उजवा. मध्ये मला वाटलं, ती जरा जोरात चालली आहे, आणि मी वेणी शोधायला गेले. वेणी नव्हती. कॉलर होती.

ती आठ पूर्ण करून साहेबांच्या टेबलासमोर येऊन थांबली. पाय तिथे टेकला, त्याआधी कुठेच नाही. मी हे बघितलं, आणि तरीही पाठीच्या मधोमध शेवटचा तळवा मारला. ब्रेक. तो जरा जोरात पडला असावा, कारण नविन दोन पावलं पुढे गेला.

साहेब उठून आले होते. "बाई, तुम्ही या माणसाला का मारताय?"

मी वर आकाशाकडे बोट दाखवलं.

"साहेब, त्याला उचकी लागली होती," जमना म्हणाली.

"हा कोण?"

"हिचा नवरा."

साहेबांनी नविनला पाहिलं, मग संगीताला, मग माझा अजून हवेत असलेला हात. "हिने तुमच्याकडे बघून गाडी चालवली का?" त्यांनी मला विचारलं. आता याला काय उत्तर देणार? हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर अर्धं खोटं. मौनाचा एवढा उपयोग मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मी हात जोडले.

"आठ घातला की नाही, साहेब?" संगीताने विचारलं.

"घातला."

"पाय टेकला?"

"नाही."

"मग?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "एकदा उलट्या बाजूने. माझ्यासमोर. आणि या बाईंनी," त्यांनी मला चिंचेखालची खुर्ची दाखवली, स्वतःची, "इथे बसायचं. हात मांडीवर."

मी बसले. हात मांडीवर ठेवले, मनात नाम घेतलं. नविनला आता बघायला मोकळीक होती, पण तो पाठ चोळत होता. संगीता उजवीकडून शिरली. पहिल्या वळणाला गाडी जरा लचकली, माझं बोट आपोआप मांडीवर आपटलं, साहेबांनी डोळे मोठे केले. ती सावरली. दुसरं वळण असं घेतलं, जसं पाड्यातून घरी वळावं. परत आली, थांबली, खाली उतरून गाडी स्टँडवर लावली. ती स्कूटरला धरून उभी राहिली.

साहेबांनी सही केली. "पास. कार्ड पोस्टाने येईल. तोवर ही पावती सांभाळा." मग नविनकडे वळून, सहज विचारावं तसं, "तुम्ही मोटरसायकलवर आलात ना? तुमचं लायसन?"

"घरी आहे साहेब."

"घरी नाही," जमना म्हणाली, "ते अजून निघायचंय."

जमनाने त्या दिवशी एवढीच एक गोष्ट बरोबर सांगितली. नविन तिच्याकडे असा बघत राहिला, की मला वाटलं तिलाही आता उचकी लागणार. साहेब मात्र हसले, पहिल्यांदाच. "पुढच्या कॅम्पला या. आणि आज मोटरसायकल इथेच ठेवा. लायसनवाला पाठवा कोणीतरी न्यायला." आणि पेन झटकत म्हणाले, "दंडाची पावती आज घेणार, की याच पाठीवर लिहू?"

त्याने आजच घेतली.

मग आम्ही सगळे चिंचेखाली उभे. नविनचा मोबाईल वाजला. मुकेशचा आवाज मोठा, त्याला फोनची गरज नसते. "नविनभाई, काले सवारे आवुं ने?" उद्या सकाळी येऊ ना, म्हणून विचारत होता.

नविनने संगीताकडे पाहिलं. ती पावती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवत होती. तिचं कसलं व्रत नव्हतं, तरी बोलली नाही. जमनासुद्धा गप्प होती.

"नको मुकेशभाई," नविन म्हणाला. "गाडी विकायची नाही."

"केम? बगडी गई?"

"नाही. चांगली आहे."

"तो पछी?"

"घरात लागते."

"तमारी पासे तो मोटरसायकल छे. कोने जोईए छे?"

नविन थोडा बाजूला गेला. दोन पावलं गेला आणि थांबला, कारण पूजेत बोललेलं त्यालाही आठवत होतं. मग मागे वळून, आमच्याकडे तोंड करून, त्याने फोनमध्ये सांगितलं, "संगीताला. तिचीच आहे गाडी. तुम्हाला हवी असली, तर तिला विचारा."

आणि फोन तिच्या हातात दिला.

संगीताने तो कानाला लावला. "मुकेशभाई," ती म्हणाली, "मी उद्या तलासरीला जाणार आहे, दुकानात ब्लाउज द्यायला. तिकडे भेटलात तर चहा पिऊ. गाडीचं सोडून काहीही बोला."